गटारात वाकून पाहणारा माणूस

गेल्या महिन्यात एका निरोप समारंभाला जाण्याचा योग आला. सत्कारमूर्ती होते एक स्वच्छता निरीक्षक. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, चहा आणि सामोसा असा नेहमीचा थाट. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, तुम्ही यांना जुने ओळखता, दोन शब्द बोला." मी उठलो आणि खरोखर दोनच शब्द बोलून खाली बसलो, कारण तिसरा गळ्यात अडकला. तिथे जे बोलता आलं नाही ते आज या सदरात लिहितो आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. अट एकच: "डॉक्टरसाहेब, माझं नाव, वस्ती आणि ऑफिस छापू नका." तेव्हा यापुढे त्यांना नुसतं 'निरीक्षक' म्हणू.

वाचकहो, या सदरात आपण औषधांबद्दल, पथ्यपाण्याबद्दल आणि तपासण्यांबद्दल पुष्कळ बोललो. पण ज्याच्यामुळे तुम्हाला दवाखान्याची पायरी चढावीच लागत नाही, त्या माणसाबद्दल एकदाही बोललो नाही. डॉक्टरने बरा केलेला रोगी दिवाळीला मिठाईचा पुडा आणून देतो. निरीक्षकाने ज्याला आजारीच पडू दिलं नाही, त्या माणसाला आपण वाचलो हे ठाऊकच नसतं. तो मिठाई कुठून आणणार?

खाकी पिशवीतलं काम

बारावीनंतर स्वच्छता निरीक्षकाची पदविका करून ही मंडळी नोकरीला लागतात. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे १९२६ साली स्थापन झालेल्या जुन्या संस्थेने, या अभ्यासक्रमातून कितीतरी निरीक्षक तयार केले. शहरात त्यांना लोक 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' म्हणतात. खेडोपाडी तेच काम आरोग्य केंद्राचे आरोग्य सहाय्यक आणि आरोग्य सेवक करतात आणि त्यांना सरसकट 'मलेरियावाले' म्हणण्याची आपली पद्धत आहे.

त्यांचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. सफाई कामगारांची हजेरी, कुठलं गटार तुंबलं, कुठे मेलेलं जनावर पडलं, कचऱ्याची गाडी कुठे अडली, मासळीबाजार धुतला का, बर्फ कुठल्या पाण्याचा, विहिरीत टीसीएल पावडर पडली का, हे सगळं बघायचं. दुपारी नोटिसा लिहायच्या आणि संध्याकाळी त्या नोटिसांवरून शिव्या खायच्या. खाद्यपदार्थांतली भेसळ पूर्वी १९५४ च्या कायद्याखाली पाहिली जाई. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाल्यावर ते काम अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे आलं. पण हॉटेलच्या मागची मोरी आणि पुढचा पाण्याचा पिंप बघायला आजही आधी जातो तो आपला निरीक्षकच.

आपल्या उरण तालुक्यात तर हे काम सोपं नाही. एका बाजूला मोरा आणि करंजा, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरं, समोर घारापुरीचं बेट. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि ट्रेलरची रांग लागली. ओएनजीसीचा प्रकल्प आहे. देशभरातून आलेले ड्रायव्हर, क्लीनर आणि कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. रानसईचं पाणी कुणाला रोज, कुणाला दिवसाआड. जमीन सखल, भरतीच्या वेळी गटाराचं पाणी पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी रोगाला वाट शोधावी लागत नाही, ती आपणच करून ठेवलेली असते.

त्या पावसाळ्यातली कावीळ

गोष्ट पंचवीस-एक वर्षांपूर्वीची. मी दवाखाना टाकून चारेक वर्षं झाली होती. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीने बसत आणि त्याचा मला अभिमान होता. पावसाळा सरत आला होता. एक दिवस एक गडी आला आणि म्हणाला, "डाक्टर, डोलं पिवलं झालं बघा." कावीळ. विश्रांती, साधं खाणं, ग्लुकोज, दारू बंद असं सांगून पाठवला. चार दिवसांनी दुसरा, मग एक शाळकरी मुलगी, मग तिचाच शेजारी. सगळ्यांना तोच सल्ला दिला. त्यांतले निम्मे माझ्याकडून निघून कावीळ उतरवून घ्यायला गेले असणार, हेही मला माहीत होतं. प्रत्येकाचा केसपेपर वेगळा, त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रत्येक रोगीही वेगळा! हे सगळे एकाच वस्तीतले आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. पण त्याचं काय करायचं हे माझं काम नव्हे, असं मी समजत होतो.

पहिला रोगी येऊन दोन आठवडे झाले असतील. ऐन गर्दीत एक तिशीतला माणूस खाकी पिशवी घेऊन आत आला.

"डॉक्टरसाहेब, शाळेत पोरं कमी दिसतात, मास्तर कावीळ म्हणतात. तुमच्याकडे किती पेशंट आले? पत्ते मिळतील का?"

मी मान वर न करता म्हणालो, "रजिस्टर बघावं लागेल. दोन दिवसांनी या."

दोन दिवसांनी ते आले, तेव्हा मी बाहेर होतो. परत आले तेव्हा गावातल्या एका प्रतिष्ठिताचं ब्लडप्रेशर बघत होतो. शेवटी अकराव्या दिवशी ते नंबर लावून रोग्यांच्या बाकावर बसले. नंबर आल्यावर आत येऊन म्हणाले, "मला काही झालेलं नाही साहेब. पण तुमची तपासणी फी घ्या आणि पाच मिनिटं द्या."

मला लाज वाटली. केसपेपर काढले. सहा होते.

हाताने काढलेला नकाशा

त्यांनी वहीच्या पानावर वस्तीचा नकाशा काढला आणि सहा घरांवर सहा ठिपके दिले. मग घरोघर फिरून आणखी ठिपके भरले. माझ्याकडे न आलेले, वैदूकडे गेलेले, अंगावर काढलेले, सगळे त्यात आले. पान पाहिल्यावर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. वस्तीच्या वळणापर्यंत एकही ठिपका नव्हता आणि वळणानंतर जवळजवळ प्रत्येक घरावर होता. वळणानंतरच्या एका घरात मात्र सात माणसं असून एकालाही कावीळ नव्हती. निरीक्षकांनी त्या घरच्या आजीला विचारलं, "आजी, पाणी कुठलं पिता?" ती म्हणाली, "नलाचा कशाला? आमची हीर हाय परसात."

पहाटे चारला नळ येण्याच्या वेळी ते क्लोरीन तपासायची बाटली घेऊन वस्तीत हजर. या तपासणीत पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. टाकीजवळच्या नळाला रंग आला, वळणाच्या अलीकडे आला, वळणानंतर पाणी कोरं! म्हणजे टाकीतून निघालेलं क्लोरीन वळणावर कशाने तरी खाऊन टाकलं होतं. तिथे खणलं तेव्हा उघड झालं. पाइप गटाराच्या पोटातून गेलेला, जोड कुजलेला आणि दोन संडासांचं पाणी थेट त्याच गटारात सोडलेलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पुष्कळ लोक विचारतात, "पाइप फुटला तर पाणी बाहेर येईल, घाण आत कशी जाईल?" चोवीस तास पाणी असलं तर हे बरोबर आहे. पण आपल्याकडे पाणी येतं दोन तास. उरलेला वेळ पाइप रिकामा. पाणी ओसरताना आत पोकळी होते आणि ती पोकळी भेगेतून बाहेरची घाण ओढून घेते. त्यात कुणी नळाला टिल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी नळ आला की ती घाण पहिल्या हंड्यात. पाणी दिसायला मात्र स्वच्छ!

माझ्याकडे आल्यानंतर पाचव्या दिवशी तो पाइप बदलला गेला. सरळ झालं नाही. संडास कुणाचे, खर्च कुणाचा यावरून वाद झाले. सण तोंडावर आला आहे, उगाच बोभाटा करू नका, असंही त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी अहवाल लिहिला, सही केली आणि जाऊन कामगारांबरोबर खड्ड्याशी उभे राहिले.

पहिला पेशंट कोणत्या तारखेचा?

पाइप बदलला तरी कावीळ थांबेना. लोक त्यांच्यावरच उखडले: "रस्ता खणून ठेवला, फायदा काय?" याचं उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस 'ई' या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, सरासरी चाळीस दिवस. म्हणजे आज पिवळा झालेला माणूस महिना-सव्वा महिन्यापूर्वीच्या पाण्याची हकीकत सांगत असतो.

पाइप बदलल्यावर साडेतीन आठवड्यांनी त्याच वस्तीतली एक सून माझ्याकडे आली. आठवा महिना, पहिलटकरीण. दोन दिवस ताप आणि उलट्या. मी पित्त समजून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सासू धावत आली, "डाक्टर, पोर बोलं ना." जाऊन पाहतो तर डोळे हळदीसारखे आणि ग्लानी. आज अटल सेतू आहे, लोकलही आहे. दोन्ही जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. तेव्हा पनवेलच्या रस्त्याने गाडी घालून मुंबई गाठावी लागे. गाठली. रक्त तपासलं, हिपॅटायटिस 'ई' निघाला. चौथ्या दिवशी ती गेली. बाळही गेलं.

ही कावीळ बहुतेकांना महिनाभर झोपवून सोडून देते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती उलटते आणि अशा वेळी शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

निरीक्षक आठवड्याने आले. वही काढली, तिच्या घरावर ठिपका दिला. माझ्यावर ठपका ठेवला नाही, आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे पहिला पेशंट कोणत्या तारखेला आला होता?"

मी केसपेपर शोधून तारीख सांगितली. त्यांनी लिहून घेतली आणि गेले. त्या रात्री मी कॅलेंडर घेऊन बसलो. ती आजारी पडली त्या दिवसापासून चाळीस दिवस मागे मोजले. बोट जिथे थांबलं, तो निरीक्षक पहिल्यांदा माझ्या दारात आले होते तो दिवस होता. चाळीस ही सरासरी आहे, पुरावा नव्हे. विषाणू तिच्या पोटात त्याआधी गेला असेल, नंतरही गेला असेल. कुणालाच सांगता येणार नाही. पण माझ्या पहिल्या रोग्यापासून पंचवीस दिवस त्या वळणावरचं पाणी वस्ती पीत होती आणि त्या पंचवीस दिवसांची कागदपत्रं माझ्या टेबलाच्या खणात होती, हे मात्र नक्की.

दिल्ली, लंडन आणि मांडवी

हे आपल्याकडेच झालं असं नाही. १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याची घाण वजिराबादच्या पाणीउपशापर्यंत आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं होतं, त्यामुळे टायफॉइड वाढला नाही. पण काविळीचा विषाणू तेवढ्याने मेला नाही. हा हिपॅटायटिस 'ई' होता हे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनी ठरलं. धडा असा की नुसती पावडर टाकून भागत नाही, घाण आत येण्याची वाट बंद करावी लागते.

१८५४ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी असाच नकाशा काढून पटकीचं मूळ ब्रॉड स्ट्रीटच्या पंपात शोधलं. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण भट्टीची स्वतःची विहीर होती. आपल्या आजीच्या परसातल्या विहिरीसारखीच! पण त्याच्याही आधी लिव्हरपूल या बंदराच्या शहराने १८४७ मध्ये तीन माणसं एकत्र नेमली होती: एक डॉक्टर, एक इंजिनिअर आणि एक निरीक्षक. तिघांपैकी एकटा कुणीच पुरा पडत नाही हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या खाजगी डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि तो दडवला नाही, जाहीर केला. पुढे १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलात घरं तपासताना जी दांडगाई झाली, ती महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून निरीक्षकाने दारात कसं उभं राहावं यालाही महत्त्व आहे. आमचे निरीक्षक चपला बाहेर काढून, "वहिनी, पाण्याचा पिंप बघू का?" असं विचारून आत जात. त्यांना कुणी दार लावलेलं मी ऐकलं नाही.

आणि बंदराचं गाव म्हणून आपली जबाबदारी आणखी एका कारणाने मोठी आहे. परदेशातून येणाऱ्या जहाजाची आरोग्य तपासणी बंदराचे आरोग्य अधिकारी करतात; उंदीर, डास, पाणी, भटारखाना सगळं पाहतात. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की बंदराभोवती निदान ४०० मीटरपर्यंत डासांची पैदास रोखली पाहिजे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, डेंग्यू पसरवणारा हाच तो. पहारा बंदरावर असतो; पण डासाला पाणी पुरवतो तो आपल्या गच्चीवरचा जुना टायर.

आपण काय करायचं?

निरोप समारंभानंतर मी निरीक्षकांना विचारलं, लोकांना काय सांगू? त्यांनी सांगितलं आणि मी डॉक्टर म्हणून त्यात थोडी भर घातली, ती अशी:

१) नळ आल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, वापरायला घ्या. नळजोड गटारातून गेला असेल तर आजच वर उचलून घ्या. टिल्लू पंप काढा.

२) गावात कावीळ, जुलाब किंवा टायफॉइड असेल तर पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर तिचं पाणी पावसाळाभर उकळूनच द्या. तिचे डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर उतारा, माळ यांत वेळ घालवू नका; त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

३) विहिरीत टीसीएल पावडर अंदाजाने टाकू नका. चांगल्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर होतं. त्याला सुमारे ७० ग्रॅम पुरे. कालवून, निवळ वरचं पाणी टाका आणि तासभर उपसू नका. पावडर जुनी, ओलसर किंवा उघडी राहिली असेल तर तिच्यातलं क्लोरीन उडून जातं; मग नुसता चुना टाकल्यासारखं होतं.

४) आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याला पिंप, टाकी, कुलरची ट्रे, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासली की पिढीच संपते. घासायला विसरू नका, अंडी कडेला चिकटलेली असतात.

५) पावसाळ्यात गटाराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, विशेषतः पायाला जखम असेल तर. नंतर ताप आला तर डॉक्टरला "पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. लेप्टोची शंका वेळेवर यायला हे एक वाक्य पुरतं.

६) निरीक्षक, आरोग्य सेवक, आशाताई दारात आल्या तर आजारी माणसाची माहिती लपवू नका.

सातवी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी. २००४ पासून साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम देशात आहे आणि २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची? एका वस्तीतून एकाच तक्रारीचे तीन रोगी आले की एक फोन करा. मी गेली पंचवीस वर्षं करतो. टेबलाच्या काचेखाली तालुक्याचा नकाशा ठेवला आहे आणि कावीळ किंवा जुलाबाचा रोगी आला की औषध लिहायच्या आधी पेन्सिलीने ठिपका देतो. कंपाउंडर म्हणतो, "डॉक्टर, हे काय सॅनिटरीचं काम?" हो, तेच.

समारंभातून घरी जाताना आम्ही दोघं बाजारातून चालत निघालो. त्यांच्या एका हातात घड्याळाचं खोकं, दुसऱ्यात नारळ. बोलता बोलता ते थांबले, वाकून गटारात पाहिलं आणि म्हणाले, "इथे पाइप पाण्याखाली गेलाय. उद्या नव्या साहेबांना सांगायला हवं."

मी म्हणालो, "अहो, आजपासून तुम्ही रिटायर!"

ते म्हणाले, "मग तुम्ही सांगा, डॉक्टरसाहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी जाऊन सांगून आलो.